लाईन घ्यायची की नाही? आधी वाळू बघा

उद्योग सल्ला

वाचकाचं पत्र: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची फौंड्री आहे. धातू वितळवायची ५०० किलोची दोन क्रुसिबल (भट्टीची भांडी), त्यांना मिळून ३५० किलोवॅटचा एकच पॅनल, मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे दाबायला, आर्पा मशीनच्या दोन जोड्या. महिन्याला १६० टन माल जातो, सरासरी दर ९० रुपये किलो. त्यातला ६२ टक्के माल एकाच ट्रॅक्टर कंपनीला. घरचं रिजेक्शन साडेसात टक्के. कंपनीचे पैसे ७५ दिवसांनी येतात. आता तीच कंपनी म्हणते, हाय प्रेशर मोल्डिंग लाईन टाका, महिन्याला आणखी १२० टन देतो. तसं इंटेंट लेटरही दिलंय. लाईन, सँड प्लांट (साच्याची वाळू तयार करणारा) आणि शेड मिळून ११ कोटींचं कोटेशन आलंय, त्यात सँड प्लांटचे २ कोटी ४० लाख. बँक ८ कोटी द्यायला तयार आहे, साडेदहा टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. चुलतभाऊ म्हणतो ही संधी परत येणार नाही. वडील म्हणतात, कर्ज काढून एकाच गिऱ्हाइकाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. महिनाअखेरीला ‘हो’ म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. आज तुमच्या हातात जे कागद आहेत त्यांवर ही लाईन तोट्यात जाते. ते बघायला वहीचं एक पान पुरतं.

एका किलो मालामागे हातात काय उरतं ते आधी मांडा. दर ९० रुपये. समजा धातूचे ४२, विजेचे साडेबारा, वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) आणि कोअरचे (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) ९, फेटलिंगचे (कास्टिंग साफ करायचे) ५, फेरोअलॉयचे ३, पॅकिंग-वाहतुकीचे ३. एकूण साडेचौऱ्याहत्तर. उरले साडेपंधरा. (हे आकडे तुमच्या खरेदीच्या बिलांवरून बदलून घ्या. रुपया-दोन रुपये इकडेतिकडे होतील, चित्र बदलणार नाही.) आता १२० टनांवर महिन्याला सुटले १८ लाख ६० हजार. त्यातून काय जाणार? ८ कोटींचा हप्ता साडेतेरा लाख. नवीन माणसं आणि वाढलेला डिमांड चार्ज मिळून ७ लाख धरा. आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सहसा एका ओळीत उरकलेली गोष्ट, खेळतं भांडवल: १२० टनांचं जीएसटीसह बिल होतं १ कोटी २७ लाख, ते ७५ दिवस अडकलं की येणी ३ कोटी १८ लाखांवर जातात. ३ कोटींचं व्याज धरलं तरी महिन्याला २ लाख ६० हजार. बेरीज २३ लाख १० हजार. म्हणजे नुसतं तोंडमिळवणी व्हायला महिन्याला १४९ टन हवेत आणि कंपनी देतेय १२०, तेही इंटेंट लेटरवर. इंटेंट लेटर म्हणजे ऑर्डर नव्हे. ट्रॅक्टरचा बाजार पाऊसमानावर हलतो. शेड्यूल निम्म्यावर आलं तर त्या पत्रातल्या एकाही ओळीवर तुम्हाला बोट ठेवता येणार नाही.

कोटेशनमध्ये काय नाही, हेही बघा. हाय प्रेशर लाईन तासाला जितके बॉक्स (साच्याच्या पेट्या) काढते, त्यांना धातू पुरवणं ५०० किलोच्या भट्टीच्या आवाक्यातलं नाही. मोठी भट्टी, ट्रान्सफॉर्मर, वाढीव लोड हे वेगळं आलं. तुमचे आर्पाचे पॅटर्न (वाळूत साचा उमटवायचे नमुने) नव्या बॉक्सच्या मापाला बसणार नाहीत, म्हणजे प्रत्येक पार्टला नवीन मेटल पॅटर्न. जुने पार्ट नव्या लाईनवर न्यायचे तर प्रोसेस बदलली म्हणून सँपल, लेआउट, मायक्रो, ट्रायल लॉट अशी मंजुरी पुन्हा घ्यावी लागते आणि त्यात काही महिने सहज जातात. हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे पुढे कधी कर्ज घेतलंच तर मोरेटोरियम (हप्त्यांची सुरुवातीची सूट) पैसे उचलल्याच्या तारखेपासून नको, उत्पादन सुरू झाल्यापासून मागा. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात टनेज लिहिलेलं असतं. ते वाढवून घेतल्याशिवाय मशीनची ऑर्डर देऊ नका.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्याकडे क्षमता कमी आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. हिशोब तसं सांगत नाही.

१६० टन चांगला माल पाठवायला तुम्ही १७३ टन कास्टिंग ओतता, कारण साडेसात टक्के फेकलं जातं. आता तुमचं यील्ड, म्हणजे बॉक्समध्ये ओतलेल्या धातूतलं किती कास्टिंगमध्ये राहतं आणि किती रनर-रायझरमध्ये (धातू आत नेणाऱ्या वाटा आणि भरणा करणारे साठे) जातं ते. ते ५८ टक्के धरू. (पत्रात लिहिलेलं नाही, उद्या दहा बॉक्सचं वजन करून काढा.) म्हणजे महिन्याला २९८ टन वितळवता. २६ दिवसांत रोज २३ हीट (भट्टी भरून वितळवायच्या फेऱ्या), जवळजवळ वीस तास भट्टी तापलेली. रिजेक्शन चारवर आणि यील्ड ६३ वर आणलं, तर तेवढ्याच मालाला २६५ टन पुरतात. ३३ टन वाचले, म्हणजे रोजच्या अडीच हीट. टनाला ६०० युनिट धरली तर महिन्याला २० हजार युनिट, साडेनऊ रुपये दराने १ लाख ९० हजार रुपये. किंवा वीज न वाचवता तोच धातू ओतलात, तर आहे त्या भट्टीतून २० टन जास्त चांगला माल. वाया जाणारी वाळू, कोअर आणि मजुरी वाचते ती वेगळीच.

हे दोन्ही आकडे सुधारायचे तर हात घालावा लागतो वाळूत. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमचा निर्णय त्यावरच फिरतो.

एक पार्ट घेऊ. समजा, गिअर बॉक्सचं ३४ किलोचं हाउसिंग. बॉक्समध्ये ५८ किलो धातू ओतला जातो. २४ किलो रनर-रायझर कशासाठी? मोल्ड नरम असेल तर गरम धातूच्या दाबाने त्याची भिंत सरकते, पोकळी फुगते, आतल्या धातूला भरणा कमी पडतो आणि जाड जागी श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) येतं. मग मेथडवाला (धातूच्या वाटा आखणारा) काय करतो? रायझर वाढवतो. पुढच्या वेळी आणखी वाढवतो. ग्रे आयर्न गोठताना ग्राफाइटमुळे स्वतःच थोडं प्रसरण पावतं. मोल्ड कडक असेल तर ते प्रसरण आतल्या आत भरणा करतं आणि रायझर लहान ठेवता येतो. मोल्ड हार्डनेस ७०–७५ वरून ८५–९० वर नेला, की याच पार्टचं ओतीव वजन ५४ किलोपर्यंत आणायला वाव मिळतो. ३४ भागिले ५४, म्हणजे ६३ टक्के. रायझर मात्र अंदाजाने कापू नका. सिम्युलेशन करून देणारे आता कोल्हापुरातच पार्टमागे फी घेऊन काम करतात, ते करून घ्या, मग ट्रायलचे पाच बॉक्स ओता, कापून बघा आणि मगच पॅटर्नला हात लावा.

हार्डनेस का येत नाही? बहुतेक जुन्या यार्डांत वाळू गरम असते. शेकआउटमधून (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथून) निघालेली वाळू ५० अंशांच्या वर असतानाच परत मिक्सरमध्ये गेली, तर टाकलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि बेंटोनाइट भिजतच नाही. मिक्सरपाशी साडेतीन टक्के मोजलेला ओलावा मशीनच्या हॉपरपर्यंत येईतो अडीचवर येतो. वाळू पॅटर्नला चिकटते, कडा तुटतात, सँड ड्रॉप (साच्यातून गळून पडलेली वाळू) येतो. मग पोरगं पाइप धरून आणखी पाणी मारतं आणि ब्लोहोल (वायूने पडलेली छिद्रं) वाढतात. दुपारच्या शिफ्टला रिजेक्शन जास्त दिसत असेल तर ओतणाऱ्याला बोल लावण्याआधी वाळूत थर्मामीटर घाला. पावसाळ्यात वेगळाच त्रास. उघड्यावर पडलेली नवीन वाळू ओली होते, आणि कोल्ड बॉक्स (न तापवता वायूने घट्ट होणाऱ्या) कोअरला ०.२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. कोअर वरून धड दिसतो आणि आत कच्चा राहतो. ओला स्क्रॅप भट्टीत टाकायचा नसतो हे सांगायची गरज नसावी, पण जुलैत शेडखालची जागा तयार मालाने अडवलेली असते आणि स्क्रॅप बाहेर भिजत असतो, हे नेहमीचं दृश्य आहे.

तर सोमवारपासून चार आठवडे एवढंच करा. रिजेक्ट झालेला एकही नग थेट परतीच्या (पुन्हा वितळवायच्या) ढिगात टाकायचा नाही. तो भट्टीत गेला की पुरावाही वितळतो. सगळे नग एका रांगेत मांडा, प्रत्येकावर खडूने पार्ट नंबर, शिफ्ट, मशीन, हीट नंबर आणि दोष लिहा. रोज सकाळी दहाला मोल्डिंग, कोअर आणि मेल्टिंगचे तिघे सुपरवायझर त्या रांगेपाशी उभे राहतील. केबिनमध्ये नको, तिथे एकमेकांवर ढकलणं सोपं जातं. सोबत दर दोन तासांनी वाळूचं तापमान, ओलावा आणि कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती टक्के बसते ते) मशीनच्या हॉपरमधून नमुना घेऊन लिहा. कॉम्पॅक्टिबिलिटी चाळिसाच्या आसपास टिकते का ते बघा. चार आठवड्यांनी तीन-चार पार्ट असे निघतील की निम्म्याहून जास्त रिजेक्शन त्यांचंच असेल. काम तिथूनच सुरू करायचं.

आता ११ कोटींतले ते २ कोटी ४० लाख. माझं मत, सँड प्लांट आधी घ्या, कूलर आणि चांगल्या मिक्सरसह. लाईन नंतर, किंवा कधीच नाही. ७५ टक्के कर्ज धरलं तर १ कोटी ८० लाखांचा हप्ता महिन्याला ३ लाख पडतो आणि मोकळ्या झालेल्या २० टनांवर सुटतात ३ लाख १० हजार. ते २० टन दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायचे, या कंपनीला नाही. नवा प्लांट जुन्या मशीनलाही चालतो, आणि उद्या लाईन आलीच तर ती याच वाळूवर उभी राहील. ऑर्डर देताना क्षमता पुढच्या लाईनला पुरेल अशी निवडा. उलट क्रमाने गेलात, म्हणजे लाईन आली आणि वाळू तीच राहिली, तर पूर्वी शिफ्टला शंभर खराब बॉक्स निघत होते ते तीनशे निघतील.

उरलेले ६० लाख कुठून आणायचे? तुमच्याच पैशातून. या कंपनीला महिन्याला ९९ टन जातात, जीएसटीसह बिल १ कोटी ५ लाख. पैसे ७५ ऐवजी ४५ दिवसांत आले तर हे १ कोटी ५ लाख एकदाच मोकळे होतात. मागायचा आधारही पक्का आहे. एमएसएमई विकास कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार लघु उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. तुमची उलाढाल सव्वासतरा कोटींच्या आसपास, म्हणजे विस्तार केला तरी तुम्ही लघुच राहता. आयकराची जी तरतूद सगळे ‘४३ बी एच’ म्हणून ओळखतात ती २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून लागू झाली. मुदतीबाहेर राहिलेलं तुमचं बिल कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचं अकाउंट्स खातं तुमच्याशी गोड बोलू लागतं. उद्यम नंबर (एमएसएमई नोंदणीचा) प्रत्येक इन्व्हॉइसवर छापलेला आहे ना, हे आजच बघा.

मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या बिलांचा निवाडा करणारी सरकारी समिती) तक्रार सहसा कुणी करत नाही आणि तुम्हीही करू नका. त्यापेक्षा ट्रेड्सवर (बिलं वटवून बँकेकडून आधी पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) बिलं घालायला सांगा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. वापर सक्तीचा नाही, त्यामुळे ‘आम्ही नोंदणी केलीय’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका, ‘कुठल्या तारखेपासून बिलं मंजूर करणार’ हे विचारा. तिथे बँक कंपनीची पत बघून पैसे देते, व्याज तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा सहसा स्वस्त पडतं आणि कंपनीने पुढे पैसे बुडवले तर बँक तुमच्या मागे लागत नाही.

धातूच्या दराचा करारही काढून वाचा. तिमाहीने आणि मागच्या तिमाहीच्या सरासरीने सेटलमेंट होत असेल, तर स्क्रॅप किलोला ३ रुपये चढल्यावर तीन महिने तो फरक तुमच्या खिशातून जातो: ९९ टन, ३ रुपये, ३ महिने, म्हणजे ८ लाख ९० हजार. दर उतरताना तेवढे परत येतात हे खरं, पण चढत्या काळात कॅश क्रेडिट फुटलं की त्या खऱ्याचा उपयोग नसतो. महिन्याला सेटलमेंट मागा. सूत्रात पिग आयर्न आणि स्क्रॅपसोबत फेरोसिलिकॉन आणि विजेचा दर घालून घ्यायचा प्रयत्न करा. विजेला ते सहसा नाही म्हणतात, तरी मागून ठेवा.

वाढीव १२० टनांत एसजी आयर्न (ग्राफाइटचे गोळे असलेलं, जास्त चिवट लोखंड) किती आहे, हे पत्रात नाही. विचारा. एसजीला रायझर जास्त लागतात, यील्ड पडतं, मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर आठ-दहा मिनिटांत धातू ओतला नाही तर नोड्युलॅरिटी (ग्राफाइटचा गोल आकार) जाते, आणि एसजीची परत ग्रेच्या परतीत मिसळली की दोन्हीकडे गोंधळ. एकाच यार्डात दोन्ही करायचं तर परतीच्या ढिगांमध्ये भिंत हवी, पांढरी रेघ नको.

पार्टची यादी घेऊन एकदा वेगळ्या नजरेने बसा. ट्रॅक्टर विजेवर आले आणि इंजिन गेलं तर कुठले पार्ट जातात? फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, सिलेंडर हेड. कुठले राहतात? ब्रेक ड्रम, हब, अॅक्सल हाउसिंग. ट्रॅक्टरमध्ये हा बदल दुचाकीइतक्या झपाट्याने येणार नाही, पण सात वर्षांचं कर्ज पहिल्या प्रकारच्या पार्टवर उभं करू नये. नवे २० टन पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरवाल्यांकडे न्या. दर जरा कमी मिळाला तरी चालेल.

चुलतभावाला वाढच हवी असेल तर दुसरा रस्ता मशीनिंगचा आहे. सर्वांत जास्त चालणारे दोन-तीन पार्ट घरी मशीन करून द्या. किलोमागे उरणारा पैसा वाढतो हे उघड आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतलं ब्लोहोल आज सहा आठवड्यांनी कंपनीच्या मशीनवर सापडतं आणि डेबिट नोटमध्ये कास्टिंगसोबत त्यांच्या मशीनिंगचाही खर्च लागतो. तेच घरच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मशीनिंग सेंटर) दुसऱ्या दिवशी दिसेल, जेव्हा ती हीट आणि ती वाळू कुणाच्या तरी लक्षात असेल.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. नव्या करारात लाईन स्टॉपेजचा (माल न पोचल्याने कंपनीचं काम थांबल्याचा) दंड असेल तर जून ते सप्टेंबर दहा दिवसांचा तयार माल कंपनीजवळच्या गोदामात ठेवायचा खर्च आताच दरात धरा.

बँकेने घराचं किंवा उसाच्या रानाचं तारण मागितलं असेल तर सही करण्याआधी सीजीटीएमएसईच्या (लघु उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीबद्दल स्वतःहून विचारा. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी आहे. हमीचं शुल्क लागतं, पण वडिलांचा अर्धा विरोध तारणाच्या कागदालाच असण्याची शक्यता आहे. त्यांना वरचं वहीचं पान दाखवा, भावालाही तेच पान दाखवा, आणि दोघांनी आपापले आकडे त्यावर पेन्सिलीने बदलावेत.

कंपनीला महिनाअखेरीचं उत्तर असं लिहा: “वाढीव १२० टनांसाठी आम्ही तयार आहोत. पहिला टप्पा म्हणून सँड प्लांट बसवत आहोत. लाईनची ऑर्डर पुढील बाबी लेखी मिळाल्यावर देऊ: ३६ महिने दरमहा ठरलेल्या किमान टनेजची उचल, त्याहून कमी उचल झाल्यास फरकाच्या टनेजवर किलोला ठरलेली भरपाई, ४५ दिवसांत पैसे, ट्रेड्समार्फत, धातूच्या दराचं मासिक सेटलमेंट, नव्या पॅटर्न-कोअर बॉक्सचा खर्च कंपनीचा.” किमान उचलीची अट ते बहुधा पूर्ण मान्य करणार नाहीत. पॅटर्नचा खर्च, मासिक सेटलमेंट आणि ४५ दिवस एवढं मिळालं तर ते घ्या, लाईनची ऑर्डर मात्र तरीही देऊ नका. सहा महिन्यांच्या शेड्यूलची आणि प्रत्यक्ष उचलीची तुलना करा, महिन्याला १५० टनांच्या वर मागणी टिकते का ते बघा, मग हे पान पुन्हा उघडा.